माउंट होत नाही म्हणून लगेच एफएससीके मारू नका

प्रश्न थोडक्यात असा. एका फोटो स्टुडिओचा सर्व्हर, डेबियन १०, ४ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड-५ (चार डिस्कचा मिळून एक ॲरे; एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर काढता येतो) आणि त्यावर थेट ईएक्सटी४ फाइल सिस्टिम. आत सुमारे ७ टीबी लग्नांचे फोटो. एक डिस्क बाहेर पडली, आठ दिवस तसंच काम चाललं, मग नवी डिस्क लावली. रिबिल्ड (नव्या डिस्कवर गेलेलीचा मजकूर पुन्हा बांधणं) ६८ टक्क्यांवर असताना दुसरी बाहेर पडली. रीबूट केल्यावर माउंट म्हणतं, "राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक". एका मित्राने सांगितलं एफएससीके -वाय (फाइल सिस्टिम तपासून न विचारता दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, दुसऱ्याने सांगितलं एमडीॲडमने (लिनक्सच्या रेडचं साधन) ॲरे नव्याने क्रिएट करा. कोणतं करू?

आज तरी दोन्ही नको.

त्या संदेशाने घाबरू नका. माउंटला सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा ब्लॉक) वाचता आला नाही की कारण कोणतंही असो, तो हेच वाक्य फेकतो. तुमच्या बाबतीत फाइल सिस्टिम तपासायला खाली काही आहे का, ते आधी बघा. एमडीस्टॅटमध्ये (ॲरेची स्थिती दाखवणारी फाइल) ॲरे "इनॲक्टिव्ह" दिसत असेल आणि ब्लॉकडेव्ह या आज्ञेला त्याचा आकार विचारल्यावर उत्तर शून्य येत असेल, तर माउंटला वाचायला मुळात डिस्कच दिलेली नाही. फाइल सिस्टिम बहुधा जवळजवळ शाबूत आहे. तिच्या पायाखालची फरशी काढून घेतलीय इतकंच. अशा वेळी एफएससीके चालवणं म्हणजे वीज गेलेल्या घरात बल्ब बदलत बसणं.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. मशीन बंद करून डिस्क बाहेर काढा आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून स्केचपेनने नाव लिहा: पहिली मेलेली ती अ, धडधाकट दोन ब आणि क, रिबिल्डच्या वेळी पडलेली ड, आणि पाचवी "नवी". शेजारी सिरियल नंबरही लिहा. एसडीबी, एसडीसी ही नावं प्रत्येक रीबूटला बदलू शकतात. डेटा गेलेल्या ज्या केसेस माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी डिस्कच्या बिघाडाने नव्हे, तर रात्री दोन वाजता चुकीच्या अक्षरावर मारलेल्या एंटरने घात केला होता.

आता तुम्ही पाठवलेलं एमडीॲडम एक्झामिनचं आउटपुट, म्हणजे प्रत्येक डिस्कवरची ॲरेची नोंद. त्यात बघायच्या ओळी चारच: इव्हेंट्स, अपडेट टाइम, डिव्हाइस रोल आणि डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा कुठून सुरू होतो). ब आणि क वर इव्हेंट्स ४८२१३, ड वर ४८१९०, अ वर ४१२०७. नवीवर ४८२१३ आहे, पण तिथे "रिकव्हरी ऑफसेट" अशी एक जादा ओळ आहे, साधारण ५३१ कोटी सेक्टरची. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर २.७२ टीबी, म्हणजे तुमचे ६८ टक्के बरोबर जुळतात.

ॲरेच्या अवस्थेत काही बदल झाला की एमडी (लिनक्सचा रेड चालवणारा भाग) प्रत्येक डिस्कवरच्या ॲरेच्या सुपरब्लॉकमधला (हा वेगळा, फाइल सिस्टिमचा नव्हे) इव्हेंट्सचा आकडा वाढवतो. ड बाकीच्यांपेक्षा फक्त २३ ने मागे आहे. ती पडली, एमडीने तशी नोंद केली, खालून एरर येऊ लागल्यावर ईएक्सटी४ रीड-ओन्ली झाली आणि लिहिणं थांबलं. त्या २३ मध्ये तुमचं काही मोलाचं असण्याची शक्यता फार कमी. अ मात्र सात हजारांनी मागे आहे, आठ दिवसांनी शिळी. ती ब आणि क यांच्यासोबत जोडलीत, तर आठ दिवसांपूर्वीच्या आणि आजच्या पट्ट्यांची (पट्टी म्हणजे सगळ्या डिस्कवर एकाच जागी असलेले तुकडे) खिचडी होईल. तेव्हा जोडायच्या डिस्क ठरल्या: ब, क आणि ड. रेड-५ ला चारांतल्या तीन पुरतात.

ड का पडली, ते स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत विचारायचं साधन) सांगतं. १९७ क्रमांकाची ओळ, करंट पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले), २४. ५ क्रमांकाची ओळ, रीॲलोकेटेड (राखीव जागेवर हलवलेले), शून्य. १९९, म्हणजे केबलच्या एरर, शून्य. पेंडिंग २४ सेक्टर म्हणजे १२ केबी. १२ टीबीचा ॲरे १२ केबीपायी बसला! असं होण्यामागचं कारण जुनंच आहे. डेस्कटॉप वर्गाची डिस्क न वाचता येणाऱ्या सेक्टरवर दोन-दोन, तीन-तीन मिनिटं झगडत राहते. लिनक्सचा स्कझी थर (डिस्कशी बोलणारा भाग) डीफॉल्टने ३० सेकंद वाट बघतो, मग लिंक रीसेट करतो, आणि एमडी डिस्कला मेलेली समजून बाहेर काढतो. नॅससाठीच्या (नेटवर्क स्टोरेजच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात, म्हणून त्या टिकतात. स्मार्टसीटीएलने एससीटी-ईआरसी (डिस्कने एररवर किती वेळ झगडायचं, ती मर्यादा) विचारून बघा. "सपोर्टेड नाही" असं उत्तर आलं, तर त्या डिस्कचा सिसएफएसमधला टाइमआउट १८० करा. ही सेटिंग रीबूटला पुसली जाते, दरवेळी नव्याने लावावी लागते. अ सुद्धा याच कारणाने पडली असेल, असा माझा संशय आहे. म्हणून ती वॉरंटीत परत पाठवू नका. तिचं काम पुढे येतंय.

पहिलं खरं काम म्हणजे ड ची नक्कल. साधन डीडीरेस्क्यू. साधा डीडी नको. तो पहिल्याच एररला थांबतो, आणि थांबू नको असं सांगितलं तर किती आणि कुठे गमावलं, याचा वापरण्याजोगा हिशेब देत नाही. डीडीरेस्क्यूची पहिली फेरी स्क्रेपिंगशिवाय (खराब जागा खरवडत न बसता) आणि डायरेक्ट मोडमध्ये (सिस्टिमची कॅश टाळून) घ्या, म्हणजे सोपं ते आधी हाती लागेल. मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. दुसऱ्या फेरीत राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न. डिस्क नीट चालत असेल तर पहिल्या फेरीला आठ-दहा तास लागतील. तेवढ्या वेळात डिस्कवर टेबल फॅन सोडा, गंमत नाही, उघड्या टेबलावर ठेवलेली डिस्क चांगली तापते. टकटक आवाज आला किंवा वेग एकदम केबीवर आला, तर तिथेच थांबा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबचा विचार करा. हेड गेलेल्या डिस्कवर सॉफ्टवेअर चालवत राहिलं तर प्लेटवर ओरखडे उठतात.

आणि २४ हा आकडा आजवर सापडलेल्या सेक्टरांचा आहे. रिबिल्ड ६८ वर थांबला. उरलेले ३२ टक्के ड वर किती दिवसांत कोणी वाचलेले नाहीत, कोण जाणे. नक्कल घेताना आकडा वाढला तर नवल नाही.

इथे एक मोह होईल. नवी डिस्क हाताशी आहे, तीच पुसून तिच्यावर ड ची नक्कल का घेऊ नये? घेऊ नका. त्या डिस्कवर पहिल्या २.७२ टीबीपर्यंत अ चा मजकूर नव्याने बांधलेला आहे, आणि तो ताजा आहे. नक्कल घेताना ड ने सुरुवातीच्या भागात आणखी सेक्टर गमावले, तर त्या पट्ट्या ब, क आणि नवी मिळून भरून काढता येतात. एका डिस्कच्या किमतीची बचत करायला जाऊन हा पाठिंबा पुसू नका. एक ४ टीबीची डिस्क नकलेसाठी आणि एक ८ टीबीची बाहेरची डिस्क फोटो उतरवायला, अशी खरेदी आजच करा.

नक्कल झाली की ड ला पिशवीत घालून कपाटात ठेवा. पुढचं सगळं तिच्या नकलेवर.

ब आणि क च्या नकला घेता आल्या तर उत्तमच, नाहीतर ओव्हरले वापरा. शाळेत नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवायचो ना, तसंच. प्रत्येक डिस्कसाठी एक पोकळ फाइल बनवायची, ती लूप डिव्हाइस म्हणून लावायची, आणि डीएमसेटअपने मूळ डिस्क आणि ती फाइल मिळून एक स्नॅपशॉट डिव्हाइस तयार करायचा. वाचणं मूळ डिस्कवरून होतं, लिहिणं सगळं फाइलमध्ये जातं. प्रयोग फसला की फाइल फेकून द्यायची आणि पुन्हा सुरुवात. ड च्या नकलेवरही ओव्हरले घाला. हे जमवायला अर्धा तास जातो, पण त्यानंतर हात थरथरत नाहीत.

आता जोडणी. बूट होताना सिस्टिमने स्वतःहून एमडी१२७ असं काहीतरी अर्धवट उभं केलं असेल आणि ते डिस्क धरून बसलं असेल, तर "डिव्हाइस बिझी" येतं. आधी ते एमडीॲडम स्टॉपने सोडवा. मग ब, क आणि ड-नक्कल यांचे ओव्हरले देऊन असेंबल, सोबत फोर्स आणि रीड-ओन्ली. फोर्स इथे इतकंच करतं, की ड चा मागे पडलेला इव्हेंट-आकडा बाकीच्यांच्या बरोबरीला आणतं. तुमच्यासारख्या केसमध्ये ॲरे याच पायरीवर उठतो. एमडीस्टॅटमध्ये चार जागांपैकी तीन यू आणि एक खाली-रेघ दिसली, म्हणजे झालं.

क्रिएट का नको, हे एका जुन्या केसवरून सांगतो, कारण हा सल्ला हमखास कोणीतरी देतंच.

२०१५ साली एका छापखान्याचा सर्व्हर माझ्याकडे आला. मदरबोर्ड गेला होता, चारही डिस्क ठणठणीत. तिथल्या मुलाने नवीन लाइव्ह यूएसबीवरून बूट करून सरळ क्रिएट मारलं. डिस्कचा क्रम बरोबर दिला, चंक (प्रत्येक डिस्कवर एका वेळी जाणारा सलग तुकडा) ५१२ केबी, तोही बरोबर. तरी माउंट होईना. जुना ॲरे डेबियन ६ वर बनलेला होता, आणि त्या काळच्या एमडीॲडमने डेटा २०४८ सेक्टरपासून, म्हणजे १ एमबीपासून सुरू केला होता. नव्या एमडीॲडमने स्वतःच्या डीफॉल्टप्रमाणे २६२१४४ सेक्टर धरले, म्हणजे १२८ एमबी. फाइल सिस्टिम होती तिथेच होती, ॲरे मात्र तिचा दरवाजा १२७ एमबी पुढे शोधत होता. मी पहिल्या डिस्कच्या पार्टिशनचा हेक्सडंप काढला, म्हणजे त्यातले बाइट जसेच्या तसे छापून बघितले. ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो आणि त्याची खूण, ५३ ईएफ हे दोन बाइट, १०८० व्या बाइटवर. ते मला हेक्स पत्ता १००४३८ वर सापडले. म्हणजे १ एमबी अधिक १०८० बाइट. ऑफसेट हातात आला, ओव्हरलेवर योग्य ऑफसेट देऊन पुन्हा बांधलं, माउंट झालं.

पण त्या मुलाने क्रिएट मारल्यावर सिंक वीस मिनिटं चालू राहिला होता, त्याचं काय? रेड-५ क्रिएट करताना एमडी शेवटच्या डिस्कला रिकामी समजून बाकीच्या तिघांच्या एक्सऑरने (बिटांची बेरजेसारखी क्रिया, पॅरिटी हिच्यानेच बनते) भरायला लागतो. छापखान्यात चारही डिस्क एकमेकींशी जुळत होत्या, आणि एक्सऑरला क्रमाची पर्वा नसते, त्यामुळे जे होतं तेच पुन्हा लिहिलं गेलं. निव्वळ नशीब. तुमच्याकडे ते नशीब नाही. तुमची नवी डिस्क ६८ टक्क्यांपुढे कोरी आहे. ती क्रिएटमध्ये घेतलीत, तर त्यापुढच्या पट्ट्यांत शेवटच्या डिस्कवर कचरा लिहिला जाईल, आणि तोही कसलीही एरर न देता. क्रिएटची वेळ येतेच कधीकधी, ॲरेचे सुपरब्लॉकच पुसले गेले असतील तर दुसरा मार्ग नसतो. पण मग असूम-क्लीनसोबत (सिंक करू नको, असं सांगणारा पर्याय), गेलेल्या डिस्कच्या जागी "मिसिंग" लिहून, ऑफसेट आणि चंक स्वतः देऊन, आणि फक्त ओव्हरलेवर. तुमच्या ॲरेचे सुपरब्लॉक पाचही डिस्कवर वाचता येतायत, तेव्हा हा विषय तुमच्यापुरता बंद.

ॲरे उठला की माउंट रीड-ओन्ली करा आणि सोबत नोलोड द्या. नुसतं रीड-ओन्ली पुरत नाही: जर्नल (फाइल सिस्टिमची बदलांची नोंदवही) अर्धवट असेल तर ईएक्सटी४ ते आधी पूर्ण करायला जाते, म्हणजे लिहायला जाते, आणि खालचा ॲरे रीड-ओन्ली असल्याने माउंट नकार देतं. नोलोडने जर्नलकडे दुर्लक्ष होतं. शेवटच्या काही मिनिटांतल्या फाइल विस्कटलेल्या दिसतील, बाकी सगळं दिसेल. दिसलं की दुसरं काही न करता आरसिंकने फोटो उतरवायला लागा. आधी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे ज्या ग्राहकांना अजून अल्बम द्यायचेत ते.

ईएक्सटी४ ऐवजी एक्सएफएस ही फाइल सिस्टिम असती तर नोलोडऐवजी नोरिकव्हरी. आणि एक्सएफएस-रिपेअर "लॉग पुसायला -एल वापरा" असं सुचवतं तेव्हा तो शेवटचा उपाय समजावा. मध्ये एलव्हीएम (डिस्कचे हवे तसे भाग पाडणारा थर) असतं तर आधी व्हॉल्यूम ग्रुप चालू करावा लागला असता. तुमच्याकडे दोन्ही नाही.

जोडणी बरोबर झालीय का, याची खात्री कशी करायची? तुमचे फोटोच त्याचं माप आहेत. तीन डेटा-चंक, प्रत्येकी ५१२ केबी, म्हणजे दीड एमबीची एक पट्टी. त्याहून मोठी फाइल, समजा २५ एमबीची रॉ, वरपासून खालपर्यंत स्वच्छ उघडली, तर क्रम, चंक, ऑफसेट सगळं बरोबर. शंभर केबीचं कोटेशन उघडलं म्हणून खूश होऊ नका. ते एकाच चंकमध्ये मावतं, त्याने काहीच सिद्ध होत नाही.

समजा तरीही माउंट झालं नाही. तर डंपई२एफएसने नुसतं हेडर बघा. नाव, यूयूआयडी, आकार सगळं छान दिसतंय, पण ई२एफएससीके -एन (नुसतं तपासणारा, काही न लिहिणारा) मात्र हजारो ओळींनी ओरडतोय, हे लक्षण मी कितीदा तरी पाहिलंय. अर्थ एकच: डिस्कचा क्रम किंवा चंक चुकलाय. सुपरब्लॉक पहिल्या चंकमध्येच असतो, म्हणून क्रम चुकला तरी पहिली डिस्क जागेवर असेल तर तो बरोबर दिसतो. त्याच्या मागून येणारा ग्रुप डिस्क्रिप्टरांचा तक्ता (फाइल सिस्टिमच्या भागांची यादी) १२ टीबीला पाच एमबीहून मोठा असतो. तो चारही डिस्कवर पसरतो आणि तिथेच सगळं फाटतं. अशा वेळी एफएससीके -वाय दिलंत, तर तो चुकीच्या क्रमाला खरं मानून तुमची फाइल सिस्टिम "दुरुस्त" करेल. या एका वापराने जितका डेटा गेलेला मी पाहिलाय, तितका डिस्क मरून गेलेला पाहिलेला नाही.

क्रम बरोबर आहे आणि खरंच फक्त पहिला सुपरब्लॉक खराब झालाय, असं दिसलं तर राखीव प्रती असतात. ४ केबीच्या ब्लॉकला त्या ३२७६८, ९८३०४, १६३८४० या ब्लॉकवर, आणि पुढेही. ई२एफएससीकेला -बी ३२७६८ देऊन, आधी -एन लावून, नुसतं काय म्हणतो ते वाचा. एमकेई२एफएस -एन ने प्रतींची यादी मिळते खरी, पण त्या -एन शिवाय तीच आज्ञा डिस्क फॉरमॅट करते. मी ती रात्री दहानंतर टाइप करत नाही.

आता ते १२ केबी. नकलेवर त्या जागी शून्यं आहेत, आणि एमडीला त्याचा पत्ता नाही. तो ती खरी समजून देतो. शिवाय अ नसल्यामुळे अ चा मजकूर उरलेल्या तिघांवरून काढला जातो, म्हणजे ड वरचा एक खराब सेक्टर स्वतःची जागा बिघडवतोच, वर अ ची त्याच पट्टीतली जागाही बिघडवतो. डीडीरेस्क्यूच्या फिल-मोडने मॅपफाइलमधल्या खराब जागी "बॅड सेक्टर" असा मजकूर भरून तो फाइलींमध्ये शोधायची एक युक्ती आहे. ती इथे अर्धीच चालते. ड च्या बाजूची फाइल सापडते. अ च्या बाजूला मजकुराचा एक्सऑरने भुगा होतो.

म्हणून अ ठेवायला सांगितली. तिचीही डीडीरेस्क्यूने नक्कल घ्या. अ चे खराब सेक्टर आणि ड चे खराब सेक्टर नेमके एकाच पट्टीत असणं जवळजवळ अशक्य. ड चा हरवलेला सेक्टर म्हणजे अ, ब आणि क यांच्या त्याच जागेच्या सेक्टरांचा एक्सऑर. पार्टिशनची सुरुवात आणि डेटा ऑफसेट चौघींवर सारखे आहेत ना, तेवढं तपासा. पायथनच्या दहा-बारा ओळी, २४ सेक्टर, काम दोन मिनिटांचं. अट एकच: ती पट्टी गेल्या आठ दिवसांत लिहिली गेलेली नसावी. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या फोटोंना त्या आठ दिवसांत कोण हात लावतंय? पट्टी बदललेली निघालीच, तर एखाद्या जेपीईजीत मुंडावळ्यांपर्यंत सगळं ठीक आणि त्याखाली राखाडी पट्टा, असं काहीतरी दिसेल. एक-दोन फोटोंपुरतं ते सोसेल.

पुढे काय बांधायचं, असंही तुम्ही विचारलंय. ४ टीबीच्या चार डिस्कवर मी रेड-५ पुन्हा बांधणार नाही. रेड-६ किंवा रेड-१० घ्या, जागा ८ टीबी मिळेल. पण ड वरचे ते सेक्टर काही रिबिल्डच्या रात्री खराब झाले नव्हते. ते आधीपासून तसेच पडून होते, कोणी वाचले नाहीत म्हणून कळलं नाही. डेबियन यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर १२ वाजून ५७ मिनिटांनी अख्खा ॲरे वाचून तपासायचं काम क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी यंत्रणा) लावूनच देतं. त्यात खराब सेक्टर सापडला की एमडी तो पॅरिटीवरून बांधून परत लिहितो, डिस्क ती जागा बदलते, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. तुमचा सर्व्हर रोज रात्री नऊला बंद होतो, असं तुम्हीच लिहिलंय. ती तपासणी तुमच्याकडे कधी चाललीच नसणार. वेळ बदलून सोमवारी दुपारी लावा, स्टुडिओ त्या दिवशी थोडा हळू चालेल.

ड च्या नकलेची पहिली फेरी संपली की मॅपफाइल पाठवा. त्यात अधिक-चिन्हाच्या ओळी सोडून बाकी किती उरल्यात, ते बघून अ ची नक्कल लगेच घ्यायची की आधी फोटो उतरवायचे, ते ठरवू.